भुंकणाऱ्या पिल्लाला शॉकचा पट्टा नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांमध्ये एका वाचकांचं पत्र आलं होतं. शेजारच्या फ्लॅटमधलं लहान कुत्रं दिवसभर भुंकतं, झोप होत नाही, सोसायट्यांनी अशा कुत्र्यांना शॉकचा पट्टा, म्हणजे भुंकलं की गळ्याला विजेचा झटका देणारा पट्टा, सक्तीचा करावा नाहीतर मालकाला घर रिकामं करायला लावावं असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांचा त्रास खरा आहे हे मी आधीच मान्य करते, कारण दीड वर्षापूर्वी आमच्या घरातल्या कुत्रीमुळे आमच्या मजल्यावरच्या लोकांना हाच त्रास झालाय आणि तेव्हा मला लिफ्टमध्ये कुणाशी नजर मिळवायची लाज वाटायची. पण ते शॉकच्या पट्ट्याचं वाचलं आणि दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय, जमेल तेवढं छापा.

आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मी घरी पोळीभाजीचे डबे करते, मिस्टर अंबड एमआयडीसीत शिफ्टला असतात. मुलाने भर पावसात हायवेच्या पुलाखालून एक पिल्लू उचलून आणलं, गावठी, तांबूस रंगाचं, दोन महिन्यांचं असेल. चिंगी नाव ठेवलं. पाच महिन्यांची होईपर्यंत तिचा आवाजच नव्हता, आम्हाला वाटलं किती शहाणं पिल्लू मिळालं. सहावा-सातवा महिना लागला आणि जे भुंकणं सुरू झालं ते विचारू नका. बेल वाजली की भुंकणं, लिफ्टचं दार आपटलं की भुंकणं, आम्ही बाहेर गेलो की भुंकणं, मी पोळ्या लाटायला बसले की समोर बसून भुंकणं. समोरच्या काकांना बीपीचा त्रास, वरचा मुलगा नाइट शिफ्ट करून सकाळी झोपणारा, खालच्या वहिनींची मुलगी बारावीला. सोसायटीची नोटीस आली, १५ दिवसांत बंदोबस्त करा नाहीतर कुत्रं काढा.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की कुत्र्याचं साधारण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचं वय म्हणजे आपल्या वयात आलेल्या पोरांसारखं, अंगात जोर आलेला असतो आणि कालपर्यंत ज्याची भीती वाटत नव्हती त्याची आज वाटायला लागते. हे आधी माहीत असतं तर आम्ही पुढचे दोन महिने जे केलं ते केलं नसतं.

काय केलं तर सगळं उलटं. ती भुंकली की आम्ही तिघंही ओरडायचो, चिंगी गप्प, चिंगी चूप, तिला काय कळणार, तिला वाटायचं घरातले सगळे मिळून दाराकडे बघून भुंकतायत म्हणजे दारात नक्कीच काहीतरी आहे. पेपरची गुंडाळी करून मारली. तोंडावर पाण्याचा फवारा मारला. मग कुणीतरी सांगितलं म्हणून एका ट्रेनरला बोलावलं, त्याने पहिल्याच दिवशी तिच्या गळ्यात आतून काटे असलेली साखळी घातली आणि बेल वाजवून ती भुंकल्याबरोबर असा झटका दिला की तिचे पुढचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले. चिंगीने तिथेच फरशीवर सू केली आणि सोफ्याखाली गेली ती रात्रीपर्यंत बाहेर आली नाही. मुलगा रडायला लागला. मी त्या माणसाच्या हातावर पैसे ठेवले आणि परत येऊ नका म्हटलं. दोन दिवस घर एकदम शांत होतं हो, पण तिसऱ्या दिवशी गॅसवाला आला, त्याच्या डोक्यावर टोपी होती, त्या ट्रेनरच्याही डोक्यावर टोपी होती, आणि चिंगी आयुष्यात पहिल्यांदा दात दाखवून अंगावर गेली. पुढे सहा महिने टोपीवाला कुठलाही माणूस दिसला की ती गुरगुरायची.

शॉकच्या पट्ट्याचं नेमकं हेच होतं. कुत्र्याला असं कळत नाही की मी भुंकलो म्हणून दुखलं, त्याला कळतं की बेल वाजली आणि दुखलं, लहान मूल दिसलं आणि दुखलं, काका दारात आले आणि दुखलं. भीती होती तिथेच राहते किंवा वाढते, फक्त तोंडातून निघणारा आवाज बंद होतो. आणि भुंकणं, गुरगुरणं ही त्याची लांब राहा सांगायची पद्धत असते, तीच मारून टाकली की एक दिवस न सांगता चावतं आणि मग सगळे म्हणतात किती गरीब कुत्रं होतं, अचानक कसं चावलं. वेल्समध्ये हे विजेचे पट्टे २०१० पासून कायद्याने बंद आहेत, आपल्याकडे ते ऑनलाइन दोन दिवसांत घरपोच मिळतात. ते भुंकणं थांबवणारं अल्ट्रासाउंडचं मशीन मिळतं ना, तेही घेऊ नका. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं आणि कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपासपर्यंत, म्हणजे आपल्याला वाटतं काही आवाजच नाही आणि तुमच्या कुत्र्याबरोबर शेजारचं गप्प बसलेलं कुत्रंही विनाकारण शिक्षा भोगतं.

आम्हाला वाट दाखवली आमच्या जनावरांच्या डॉक्टर मॅडमनी. त्यांनी आधी चिंगीचे कान, दात, पाय, पोट सगळं तपासलं, कारण कुठे दुखत असेल तरी कुत्रं भुंकतं, आणि मग मला विचारलं की ताई ती कधी भुंकते. मी म्हटलं सारखी. त्या म्हणाल्या सारखी कुठलंच कुत्रं भुंकत नाही, आठ दिवस लिहून आणा.

माझ्याकडे डब्यांच्या हिशोबाची वही असते, तिच्या मागच्या पानांवर लिहायला लागले. सकाळी ११.४०, बेल, डबेवाला पोरगा. ११.५५, बेल. १२.१०, कुरिअर. ४.१५, खाली मुलांचं क्रिकेट, खिडकीतून. ५.३०, मी कणीक मळतेय, पुढ्यात बसून. ७.३०, ढोलाची प्रॅक्टिस. ९.०५, मिस्टर रात्रपाळीला निघाले, मी त्यांना सोडायला खाली गेले, घरात ती एकटी. आठ दिवसांनी पानं उलटून बघितली तर माझी मलाच गंमत वाटली, ज्याला आम्ही एक भुंकणं समजत होतो ती चार-पाच वेगवेगळी भुंकणी होती आणि प्रत्येकीचं कारण वेगळं. बेलला ती घाबरून आणि उत्साहात भुंकायची, कणकेपुढे हट्टाने भुंकायची, एकटी असली की जीव घाबरा होऊन. एकाच औषधाने ताप, पोटदुखी आणि फ्रॅक्चर तिन्ही कसं बरं होणार.

बेलचं सांगते कारण सगळ्यात जास्त त्रास तोच होता, ११ ते १ मध्ये आमच्याकडे आठ-दहा वेळा बेल वाजायची. मॅडमनी पहिलं काम सांगितलं ते म्हणजे बेलच बंद करा. मला ते पटेना, पण त्या म्हणाल्या प्रत्येक वेळी भुंकणं म्हणजे तिची प्रॅक्टिस चाललीय, आधी प्रॅक्टिस थांबवा मग शिकवा. बेलचा स्विच काढून टाकला, दारावर कागद लावला की बेल वाजवू नका, फोन करा, डबेवाल्या पोरांना सांगून ठेवलं. खिडकीच्या खालच्या काचांना तुमच्याच पेपरची जुनी रद्दी चिकटवली म्हणजे खालचं क्रिकेट दिसायला नको. एवढ्यानेच निम्मं भुंकणं त्याच आठवड्यात कमी झालं, काही शिकवायच्या आधीच.

मग मोबाइलमध्ये आमच्याच बेलचा आवाज रेकॉर्ड केला. अगदी बारीक आवाजात लावायचा, इतका बारीक की चिंगीचे फक्त कान हलले पाहिजेत, आणि लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा तिच्या तोंडात. बेल आधी, तुकडा नंतर, हा क्रम चुकवायचा नाही. एका वेळी दहाच वेळा, दिवसातून दोनदा, ती शांत असताना. दोन-तीन दिवसांनी आवाज एक घर वाढवायचा, भुंकली तर समजायचं आपण घाई केली, परत एक घर खाली. तिसऱ्या आठवड्यात असं झालं की मोबाइलवर बेल वाजली की ती दाराकडे न जाता माझ्या तोंडाकडे बघायला लागली. तो दिवस मी विसरणार नाही, मी ओट्याजवळ उभी होते, हाताला पीठ होतं, आणि ती मान वाकडी करून बघत होती की आता चिकन कुठंय.

त्याच्या जोडीला जुन्या गोधडीचा एक तुकडा स्वयंपाकघराच्या दाराशी टाकला आणि जागेवर हा शब्द शिकवला. गोधडीवर बसली की शाब्बास आणि तुकडा, आधी दोन सेकंद, मग पाच, मग दहा, मग मी दाराला हात लावून परत येईपर्यंत, मग दार उघडून बंद करेपर्यंत. शेवटी खरी बेल परत जोडली. पहिल्या दिवशी दोनदा भुंकली आणि गोधडीवर जाऊन बसली.

इथे माझी एक चूक झाली ती सांगते म्हणजे दुसऱ्यांची होणार नाही. सुरुवातीला मी ती भुंकून थांबली की तुकडा द्यायचे, तर बाई हुशार निघाल्या, आधी भुंकायच्या, मग थांबायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या, म्हणजे भुंकणं हा त्या खेळाचाच भाग झाला. मॅडम म्हणाल्या ती भुंकायच्या आधीच्या शांततेला बक्षीस द्या. दिवसभरात ती नुसती पडलेली असते, लिफ्ट वाजते आणि ती काही बोलत नाही, तेव्हा आपलं लक्षच नसतं. तेव्हा जाऊन शाब्बास म्हणायचं.

बक्षीस कसलं द्यायचं हे नाशिककरांना मुद्दाम सांगायला हवं. आपल्याकडे सीझनला घरोघरी द्राक्षाच्या पेट्या असतात आणि प्रेमाने कुत्र्याला द्राक्ष टाकलं जातं. द्राक्ष आणि मनुका कुत्र्याला विष आहेत, किडन्या निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ल्यावर होतील याचा नेम नाही. तसाच कांदा, लासलगावचा असो की कुठला, शिजवलेला असो की कच्चा, त्याने त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, म्हणून माझ्या डब्यातली उरलेली भाजी मी चिंगीला कधीच देत नाही. उकडलेलं चिकन, पनीर, गाजराचे बारीक तुकडे एवढं पुरतं, आणि तेवढं जेवणातून कमी करायचं.

कणकेपुढच्या भुंकण्याला मात्र वेगळा उपाय होता. तिथे भीती नव्हती, तिला माहीत होतं की भुंकलं की सासूबाई पोळीचा तुकडा टाकतात. इथे बघायचंच नाही, बोलायचं नाही, हातसुद्धा करायचा नाही, आणि शांत बसली की मगच काहीतरी द्यायचं. मॅडमनी आधीच बजावलं होतं की पहिले काही दिवस भुंकणं कमी होण्याऐवजी वाढेल, कारण जे चालत होतं ते चालेना म्हटल्यावर ती अजून जोर लावणार. तसंच झालं, चौथ्या दिवशी इतकी भुंकली की सासूबाईंना राहवेना, म्हणाल्या अगं मुकं जनावर आहे आणि तुकडा टाकला. झालं, म्हणजे ती शिकली की चार दिवस भुंकलं की मिळतं. परत पहिल्यापासून. सासूबाईंना मी समजावलं, त्यांनीही मनावर घेतलं, आता त्याच तिला आधी बसायला लावतात. घरातल्या एकानेही नियम मोडला तर उपयोग नाही.

एकटं राहण्याचं काम सगळ्यात हळू चालतं आणि त्यात घाई केली की सगळं मुसळ केरात. किल्ली उचलायची आणि परत सोफ्यावर बसायचं. चपला घालायच्या आणि काढायच्या. दाराबाहेर दहा सेकंद. मग अर्धं मिनिट, मग दोन मिनिटं, मध्येच परत दहा सेकंद. जुना मोबाइल व्हिडिओ कॉलवर लावून ठेवायचे आणि जिन्यात उभी राहून बघायचे, ती उठून दाराशी आली, धापा टाकायला लागली की समजायचं जास्त झालं. अर्ध्या तासापर्यंत पोचायला आम्हाला पाच-सहा आठवडे लागले आणि तेवढे दिवस तिला एकटं ठेवलंच नाही, काही काम निघालं की नणंदेकडे गोविंदनगरला सोडायचो. काही पिल्लांना हा त्रास इतका असतो की दार कुरतडून तोंड रक्ताळतं, तिथे डॉक्टर औषधही देतात, त्यात कमीपणा काही नाही.

अजून एक. आम्हाला वाटायचं तिला दमवलं की झोपेल, मुलगा रोज संध्याकाळी तासभर बॉल फेकायचा आणि ती अजूनच चेकाळायची. लहान पिल्लाला दिवसाला सोळा-अठरा तास झोप लागते, वाढत्या कुत्र्यालाही आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त, आणि झोप न झालेलं पिल्लू किरकिऱ्या बाळासारखंच वागतं. आता सकाळी वीस-पंचवीस मिनिटं सैल दोरीवर फिरवतो, ओढायचं नाही, जिथे हुंगायचंय तिथे हुंगू द्यायचं. दुपारी जुन्या टॉवेलमध्ये तिचं सुकं खाणं गुंडाळून गाठ मारून देते, पंधरा मिनिटं नाक खुपसून शोधत बसते आणि मग झोपते. खर्च शून्य.

ढोलाचं काय करायचं, आपण नाशिककर, नाशिक ढोल आपला अभिमान आहे आणि गणपतीच्या आधी दोन महिने प्रॅक्टिस असणारच. त्या वेळेच्या आधी तिला फिरवून आणते, आतल्या खोलीत खिडक्या लावून पंखा फुल करते, चघळायला काहीतरी देते आणि जवळ बसते. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर ते बिघडतं हा गैरसमज आहे, भीती काही लाडाने वाढत नाही.

आता बंगलेवाल्यांना एक हात जोडून विनंती. पिल्लू भुंकतं म्हणून त्याला रात्री गेटपाशी किंवा पार्किंगमध्ये साखळीने बांधून ठेवायची पद्धत आहे. एक तर बांधलेलं कुत्रं जास्त भुंकतं, समोरून जाणारं प्रत्येक वाहन, प्रत्येक मांजर त्याला दिसतं आणि पळता येत नाही. दुसरं म्हणजे हे नाशिक आहे. जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रोडला भर वस्तीत बिबट्या शिरला होता आणि त्याने माणसांना जखमी केलं होतं, आजही आपल्या आजूबाजूच्या मळ्यांमध्ये, उसात बिबटे आहेत आणि कुत्रं ही त्यांची सोपी शिकार. साखळीला बांधलेलं पिल्लू रात्रभर भुंकतं म्हणजे मी इथे आहे हे ओरडून सांगत असतं. घरात घ्या हो. आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये कुत्र्याला मारहाण करणं, फार आखूड साखळीने तासन्‌तास बांधणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं हे सगळं गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. पहिल्या वेळेचा दंड १० ते ५० रुपये आहे म्हणून कुणी घाबरत नाही ते वेगळं.

सोसायट्यांबद्दल. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये पाळीव कुत्र्यांबद्दल सूचना काढल्यात, त्यात म्हटलंय की भुंकणं ही कुत्र्याची नैसर्गिक गोष्ट आहे आणि त्यासाठी सोसायटीला कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही. पण त्यातच मालकांनाही सांगितलंय की सारखं भुंकून लोकांना त्रास होत असेल तर विशेषतः रात्री ते शांत ठेवायचा पूर्ण प्रयत्न तुम्ही करायचा. आपण मालक लोक पहिलं वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतो आणि दुसरं सोडून देतो, हे बरोबर नाही.

मी नोटीस घेऊन भांडायला गेले नाही, वही घेऊन कमिटीकडे गेले. ही बघा वेळापत्रकं, हे आम्ही करतोय, १५ दिवसांत नाही होणार, आठ आठवडे द्या. समोरच्या काकांना वेगळं जाऊन सांगितलं की कुठल्या वेळेला जास्त त्रास होतो ते मला मेसेज करा, मी रागावणार नाही. वरच्या मुलाची झोपायची वेळ विचारून सकाळची प्रॅक्टिस दुपारी ढकलली. खालच्या वहिनींच्या मुलीच्या परीक्षेच्या दिवसांत चिंगीला नणंदेकडेच ठेवलं. लोकांना कुत्र्याच्या आवाजापेक्षा जास्त राग येतो तो मालकाला काही पडलेलीच नाही याचा, आणि तो राग बरोबर आहे. काका सातव्या आठवड्यात स्वतःहून म्हणाले की वहिनी, हल्ली कमी झालंय. तेच काका आता रोज संध्याकाळी लिफ्टपाशी चिंगीला बसायला सांगतात आणि खिशातून गाजर काढतात.

चिंगी आता दोन वर्षांची होत आली. मुकी झाली नाही, कुणी अनोळखी दाराशी आलं की दोन-तीनदा भुंकते आणि मग गोधडीवर जाऊन बसते, तेवढं तिने भुंकावंच. टोपीवाल्यांची भीती अजून पूर्ण गेली नाही, त्यावर काम चालू आहे, एका दिवसाच्या मारझोडीचं वर्षभर निस्तरतेय.

ज्या वाचकांनी ते पत्र लिहिलं त्यांना माझा निरोप द्या. त्यांच्या शेजाऱ्यांना घेऊन त्यांनी एकदा आमच्याकडे यावं, शक्यतो बाराच्या सुमाराला, डब्यांची वेळ असते तेव्हा. वही दाखवते, दोन पानं कोरी फाडून देते. आणि येताना फोन करू नका, बेलच वाजवा.

आपली,
एक नियमित वाचक
पाथर्डी फाटा, नाशिक